पंचेचाळीस अंश म्हणजे किती मिलीइव्ही? तापमान आणि ऊर्जा यांच्या हिशोबाची पहिली शिकवणी

“सर, ह्यात छपाईची चूक आहे की ओ.”

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा गेल्या उन्हाळ्यात पुस्तक उघडंच हातात धरून माझ्याकडे आला. आलेखाच्या आडव्या अक्षाखाली लिहिलं होतं ‘तापमान’, आणि पुढं एकक होतं केइव्ही, म्हणजे किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. (एक व्होल्टचा फरक ओलांडताना एका इलेक्ट्रॉनला मिळते ती ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट, थोडक्यात इव्ही.) तापमानाला ऊर्जेचं एकक! मी हसलो नाही, कारण वीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः वाचनालयाच्या पुस्तकात अशाच एका अक्षावरचं ‘केइव्ही’ पेन्सिलीनं खोडून ‘केल्व्हिन’ करून ठेवलं होतं. ते पुस्तक अजून कपाटात असेल, तर सूर्याच्या गाभ्याचं तापमान एक पूर्णांक पस्तीस शतांश केल्व्हिन आहे असं वाचून कोणीतरी आजही डोकं खाजवत असेल.

चूक पुस्तकाची नव्हती. प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू), अर्धवाहक, अणुभट्टी, खगोलभौतिकी यांपैकी कुठल्याही गल्लीत शिरलात की तापमान इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये भेटतंच. ते केल्व्हिनमध्ये कसं आणायचं, उलट कसं न्यायचं आणि कुठं पाय घसरतो, एवढंच इथं सांगतो. बारावीपर्यंतचं घातांकांचं गणित आणि एक साधा कॅल्क्युलेटर पुरे. जिथं १०^−२३ असं दिसेल तिथं ‘दहाचा उणे तेविसावा घात’ असं वाचा.

न उच्चारलेला स्थिरांक

आमच्या सोलापुरात सात रस्ता चौकात उभं राहून कोणालाही विचारा, “स्टेशन किती लांब?” उत्तर येईल, “रिक्षानं पाच मिनिटं.” तुम्ही अंतर विचारलं, समोरच्यानं वेळ सांगितली, आणि तरी दोघांचं काही बिनसलं नाही. कारण रिक्षाचा वेग दोघांच्याही डोक्यात होता, तो बोलून दाखवायची गरज नव्हती.

‘तापमान दहा केइव्ही’ हे वाक्य असंच आहे. त्यातला न उच्चारलेला वेग म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक. सूत्रांत तो छोट्या ‘के’नं लिहितात, आणि त्याला निरपेक्ष, म्हणजे केल्व्हिनमधल्या, तापमानानं गुणलं की जे मिळतं त्याला सगळे ‘केटी’ म्हणतात. केटी ही ऊर्जा असते. तेव्हा ‘तापमान दहा केइव्ही’ याचा पूर्ण अर्थ ‘केटीची किंमत दहा केइव्ही आहे असं तापमान’. भौतिकीवाल्यांनी मधला ‘के’ गिळून टाकला, एवढंच.

फरक एकच. रिक्षाचा वेग गर्दीप्रमाणं बदलतो, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत तर रिक्षा हलतच नाही. बोल्ट्झमन स्थिरांक मात्र सगळीकडे तोच:

१.३८०६४९ × १०^−२३ ज्यूल प्रति केल्व्हिन

हा आकडा आता मोजलेला नाही, ठरवलेला आहे. केल्व्हिनची व्याख्या पूर्वी पाण्याच्या त्रिक बिंदूवर (बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात त्या तापमानावर) टेकलेली होती, तो २७३.१६ केल्व्हिन धरला जाई, आणि बोल्ट्झमन स्थिरांक प्रयोगानं शोधावा लागे. २० मे २०१९ पासून उलट झालं. स्थिरांक पक्का केला आणि केल्व्हिन त्याच्यावरून ठरू लागला. त्याच दिवशी इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभारही पक्का झाला, त्यामुळे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे नेमके १.६०२१७६६३४ × १०^−१९ ज्यूल. दोन्ही आकडे पक्के, म्हणून त्यांचा भागाकारही पक्का. तुमच्या उत्तरात चूक राहिलीच तर ती मोजमापाची किंवा तुमची, दराची नव्हे.

नावाची एक गंमत सांगून पुढं जातो. हा स्थिरांक बोल्ट्झमनच्या नावाचा असला तरी तो या रूपात भौतिकीत आणला माक्स प्लांकनं, १९०० साली. आणि इंग्रजी पुस्तकात छोटा ‘के’ म्हणजे बोल्ट्झमन, मोठा ‘के’ म्हणजे केल्व्हिन. वहीत दोन्ही एकाच मापाचे काढणारे विद्यार्थी परीक्षेत हमखास गोंधळतात. छोटा ‘के’ थोडा तिरपा काढायची सवय लावा.

पहिली पायरी: आधी केल्व्हिन

सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवा. मे महिन्यातली सोलापूरची दुपार ४५ अंश धरू.

४५ + २७३.१५ = ३१८.१५ केल्व्हिन

‘अंश केल्व्हिन’ म्हणू नका, नुसतं केल्व्हिन. ‘अंश’ १९६७ सालीच गेला.

ही पायरी इतकी सोपी आहे की लोक ती गाळतात. गाळली तर काय होतं? ४५ सरळ पुढच्या पायरीत घातलेत तर उत्तर ३.९ मिलीइव्ही (इव्हीचे हजारावे भाग) येतं, खरं उत्तर आहे २७.४. सातपट चूक, आणि दोन्ही आकडे दिसायला इतके निरुपद्रवी की शंकाही येत नाही. उलट फ्रान्समधल्या ‘इटर’ या संलयन (अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या) यंत्रात अपेक्षित तापमान १५ कोटी अंश सेल्सिअस आहे. तिथं २७३ मिळवले काय, न मिळवले काय. म्हणजे घराजवळच्या तापमानांना ही पायरी जीवघेणी, ताऱ्यांच्या तापमानांना फुकाची.

दोन तापमानांमधला फरक विचारला असेल तर २७३.१५ आणूच नका. फरकापुरता एक अंश सेल्सिअस आणि एक केल्व्हिन सारखेच.

दुसरी पायरी: ११,६०४.५ नं भागा

हा आकडा कुठून आला ते एकदा स्वतः करून बघा, मग तो पाठ करावा लागत नाही. एक इलेक्ट्रॉनव्होल्टचे ज्यूल घ्या आणि बोल्ट्झमन स्थिरांकानं भागा:

(१.६०२१७६६३४ × १०^−१९) ÷ (१.३८०६४९ × १०^−२३) = ११,६०४.५ केल्व्हिन

कॅल्क्युलेटरवर घातांकाचं बटण नसेल तर आधी १.६०२१७७ ला १.३८०६४९ नं भागा, १.१६०४५ येईल. घातांक वेगळे: उणे १९ वजा उणे २३ म्हणजे अधिक ४. दहाचा चौथा घात, म्हणजे दहा हजार. झालं. दोन उणे चिन्हं एकत्र आली की हात थरथरतो, तिथं सावकाश जा.

आता सोलापूरची दुपार:

३१८.१५ ÷ ११,६०४.५ = ०.०२७४२ इव्ही

म्हणजे २७.४ मिलीइव्ही. उलट जायचं असेल तर भागण्याऐवजी गुणा. १ इव्ही म्हणजे ११,६०४.५ केल्व्हिन, १ मिलीइव्ही म्हणजे ११.६, १ केइव्ही म्हणजे १ कोटी १६ लाख, आणि १ मेगाइव्ही म्हणजे ११.६ अब्ज केल्व्हिन. उपसर्ग बदलला की दशांशचिन्ह तीन घरं सरकतं. मिली आणि मेगा यांच्यासाठी छोटा आणि मोठा एम वापरतात, आणि घाईत एकाच्या जागी दुसरा लिहिला तर चूक एक अब्ज पटीची होते. माझ्या पाहण्यात इतक्या स्वस्तात इतकी मोठी चूक दुसरीकडे कुठं करता येत नाही.

भागायचा कंटाळा असेल तर दुसरा दर लक्षात ठेवा: एक केल्व्हिन म्हणजे ०.०८६१७ मिलीइव्ही. ३०० केल्व्हिनला तोंडी २५.८५ मिलीइव्ही येतात. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. डायोडच्या सूत्रात ‘२६ मिलिव्होल्ट घ्या’ असं जे सांगतात ते हेच. केटीला इलेक्ट्रॉनच्या भारानं भागलं की व्होल्ट उरतात. बीएस्सीला आपण तो २६ दगडावरच्या रेघेसारखा मानतो, पण तो खोलीच्या तापमानाचा आकडा आहे. एमआयडीसीत पत्र्याच्या छपराखाली ४५ अंशात बसलेल्या सर्किटला तो २७.४ घ्यावा लागतो.

तिसरी पायरी: उत्तर डोळ्याखालून घाला

अंदाज बसावा म्हणून काही मुक्काम सांगतो, तेवढे डोक्यात असले की चुकलेलं उत्तर लगेच खटकतं.

अवकाशात सगळीकडे भरून राहिलेलं पार्श्वप्रारण २.७२५ केल्व्हिनचं, म्हणजे ०.२३५ मिलीइव्ही. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्व्हिनला उकळतो, ६.६ मिलीइव्ही. बाजरीची भाकरी टाकायला तवा २३० अंशांवर आला असं समजू, तर ४३ मिलीइव्ही. सूर्याचा पृष्ठभाग ५,७७२ केल्व्हिनचा, म्हणजे अर्ध्या इव्हीला किंचित कमी. गाभा सुमारे १ कोटी ५७ लाख केल्व्हिन, म्हणजे १.३५ केइव्ही. माझी पेन्सिल फिरली होती ती इथं. ‘इटर’चे १५ कोटी म्हणजे जवळपास १३ केइव्ही. त्याहून पार वर, प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून आतले क्वार्क मोकळे होतात ते तापमान दीडशे-एकशे साठ मेगाइव्हीच्या आसपास, म्हणजे पावणेदोन लाख कोटी केल्व्हिनच्या घरात. इतके शून्य लिहीत बसण्यापेक्षा तज्ज्ञ सरळ मेगाइव्ही का म्हणतात, ते इथं आल्यावर पटतं.

उत्तर किती आकड्यांपर्यंत लिहायचं? दिलं होतं तितक्याच. १५ कोटी हा गोळाबेरीज आकडा आहे, त्याचं १२.९२६ केइव्ही करून ठेवणं म्हणजे अंदाजे मापलेल्या वाणाच्या सुगड्याचं वजन मिलिग्रॅममध्ये सांगणं. १३ लिहा.

अडीच मिलीइव्हीचा उन्हाळा

आता हा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. सगळ्या लेखात मला स्वतःला सर्वांत आवडणारा भाग हाच, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

सोलापुरातली जानेवारीतली एखादी गार सकाळ १५ अंश धरा, आणि मेची दुपार ४५. फरक ३० केल्व्हिन. वरच्या दरानं तो होतो २.६ मिलीइव्ही. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी शाल घेऊन फिरणं आणि चार महिन्यांनी त्याच रस्त्यावर दुपारी चिटपाखरू नसणं, यांच्यामधलं अंतर अडीच मिलीइव्हीचं. एका रासायनिक बंधाची ऊर्जा काही इव्ही असते, म्हणजे याच्या हजारपट. मग एवढ्याशा फरकानं इतका फरक का पडावा?

कारण निसर्गात केटी एकटी कधी येत नाही. ती कुठल्यातरी अडथळ्याच्या खाली, भागाकाराच्या छेदात बसते. क्रिया घडायला रेणूंनी अर्ध्या इव्हीची टेकडी ओलांडायला हवी असेल, तर ती ओलांडणाऱ्यांचं प्रमाण ठरतं ‘ई’ (२.७१८) या संख्येच्या घातावर, आणि तो घात असतो उणे अडथळा भागिले केटी.

१५ अंशाला: ०.५ ÷ ०.०२४८३ = २०.१
४५ अंशाला: ०.५ ÷ ०.०२७४२ = १८.२

घात फक्त १.९ नं हलला. पण ‘ई’चा १.९ वा घात जवळजवळ ६.७ असतो. केटी दहा टक्क्यांनी वाढली, आणि टेकडी ओलांडणारे पावणेसातपट झाले. आमच्याकडे तेलुगू आणि कन्नड घरांत इडलीचं पीठ थंडीत रात्रभर ठेवूनही धड फुगत नाही, आणि मे महिन्यात दुपारीच पातेल्याबाहेर येतं. पीठ फुगवणारे जीवाणू आहेत, त्यांचं गणित एका टेकडीइतकं सरळ नाही, पण रोख हाच.

म्हणून अर्धवाहकवाले केल्व्हिन सोडून इव्हीत बोलतात. अडथळे इव्हीत दिलेले असतात. तापमानही इव्हीत असलं की भागाकार समोर दिसतो. सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या पट्ट्यांतलं अंतर १.१२ इव्ही आहे आणि खोली २६ मिलीइव्हीची, म्हणजे त्रेचाळीसपट उंच भिंत. हे वाक्य केल्व्हिनमध्ये करून बघा: अंतर १३,००० केल्व्हिन, खोली ३००. तेही खरं आहे, पण ऐकणाऱ्याला वाटेल की सिलिकॉन चालायला १३,००० केल्व्हिनची भट्टी लागते.

तसं वाटून घेण्याची चूक मोठमोठ्यांकडून होते. हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इव्ही लागतात, म्हणजे हिशोबानं १ लाख ५८ हजार केल्व्हिन. पण १०,००० केल्व्हिनच्या आसपासच्या ताऱ्यांच्या वातावरणातही हायड्रोजन मोठ्या प्रमाणात आयनरूप झालेला असतो. तिथं केटी एक इव्हीही नाही. विरळ वायूत सुटलेल्या इलेक्ट्रॉनला भटकायला अफाट जागा असते, परत आपलं केंद्रक गाठणं त्याला जमत नाही. हे प्रमाण नेमकं किती, त्याचं समीकरण मेघनाद साहांनी १९२० साली मांडलं. तेव्हा अडथळ्याचा आकडा ११,६०४.५ नं गुणून ‘एवढं तापमान लागेल’ असं लिहू नका. तो आकडा तुलनेसाठी आहे, उंबरठा नव्हे.

दीडपटीचा घोळ

अकरावी-बारावीत आपण शिकतो की वायूच्या रेणूची सरासरी गतिज ऊर्जा तीन-द्वितीयांश केटी असते. मग इव्हीत तापमान सांगताना दीडनं गुणायचं का?

नाही. तापमान सांगायचं असेल तर नुसती केटी. ४५ अंशाच्या हवेचं तापमान २७.४ मिलीइव्ही, आणि तिच्या रेणूंची सरासरी सरळ-चालीची गतिज ऊर्जा ४१.१ मिलीइव्ही. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी. घोळ होतो तो ‘सरासरी ऊर्जा १० केइव्ही’ आणि ‘तापमान १० केइव्ही’ ही वाक्यं एकच समजल्यामुळे. प्रश्नपत्रिकेत ‘सरासरी ऊर्जा’ असे शब्द असतील तर आधी दोन-तृतीयांश करा, मग ११,६०४.५ नं गुणा.

अणुभट्टीवाल्यांचा ०.०२५३ इव्ही हा आकडा इथं आठवतो. मंदावलेल्या न्यूट्रॉनसाठी तो प्रमाण धरतात, वेग सेकंदाला २,२०० मीटर. उलटा हिशोब करा: ०.०२५३ गुणिले ११,६०४.५ बरोबर २९३.६ केल्व्हिन, म्हणजे २० अंश सेल्सिअसच्या जवळ. इथं दीडपट कुठंच नाही, कारण हा सर्वाधिक संभाव्य वेग आहे आणि त्या वेगाची गतिज ऊर्जा बरोबर केटीइतकी येते. सरासरी, सर्वाधिक संभाव्य, वर्गमाध्यमूळ: प्रत्येकाचा गुणक वेगळा. कोणतं विचारलंय ते वाचल्याशिवाय कॅल्क्युलेटर हातात घेऊ नका.

ट्यूबलाइट का भाजत नाही

यंत्रमागाच्या शेडमध्ये अजूनही कुठं कुठं जुन्या ट्यूबलाइट लटकलेल्या दिसतात. पेटलेल्या नळीच्या मधल्या भागाला हात लावला तर ती कोमट लागते. आत धावणाऱ्या इलेक्ट्रॉनचं तापमान मात्र सुमारे एक इव्ही असतं, म्हणजे ११ हजार केल्व्हिनच्या पुढं, सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट.

खोटं काहीच नाही. नळीतला वायू विरळ आणि इलेक्ट्रॉन अतिशय हलके. जड अणूवर आपटून ते आपली ऊर्जा फारशी देऊ शकत नाहीत, टेबल टेनिसचा चेंडू पाट्यावर आपटावा तसे परत उसळतात. त्यामुळे एकाच नळीत दोन तापमानं नांदतात, इलेक्ट्रॉनांचं वेगळं आणि अणूंचं वेगळं. म्हणून प्लाझ्माच्या कुठल्याही पुस्तकात ‘तापमान’ दिसलं की विचारा, कोणाचं? गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून चाललेल्या ‘आदित्य’ टोकामॅकवरचे (चुंबकांनी प्लाझ्मा कोंडणाऱ्या यंत्रावरचे) लेख वाचलेत तर इलेक्ट्रॉनचं आणि आयनांचं तापमान वेगवेगळं दिलेलं आढळेल.

याच्या शेजारचीच दुसरी चूक. एकट्या कणाला तापमान नसतं. लाल लेझर पॉइंटरचा ६५० नॅनोमीटरचा एक फोटॉन १.९ इव्हीचा असतो. गुणून बघा, २२ हजार केल्व्हिन. भिंतीवरचा लाल ठिपका काही २२ हजार केल्व्हिनचा नसतो. तापमान हा घोळक्याचा गुण आहे, आपसात टकरा देऊन-घेऊन निवलेल्या घोळक्याचा. एका सुट्या कणाची ऊर्जा केल्व्हिनमध्ये बदलली तर फक्त ‘हा कण कितीच्या गर्दीत शोभेल’ एवढंच कळतं.

काउंटसारखी उलटी चाल

पुढच्या वर्गात गेलात की सांख्यिकी भौतिकीत ‘बीटा’ भेटेल. बीटा म्हणजे एक भागिले केटी, आणि बाहेरगावच्या मुलांना ते जरा जड जातं. सोलापूरच्या मुलांना जाऊ नये. ज्यांच्या घरात चादर-टॉवेलचा धंदा आहे त्यांना ठाऊक असतं की सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होतं. वीस काउंटचं सूत दहा काउंटपेक्षा बारीक, कारण काउंट मोजतो एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात ते. जाडी वाढेल तशा लडी कमी. दुसरीकडे टेक्स हे माप सरळ चालतं, हजार मीटर सुताचं वजन किती ग्रॅम. काउंटवरून टेक्स काढायला गुणत नाहीत, ५९०.५ ला काउंटनं भागतात. वीस काउंट म्हणजे साडेएकोणतीस टेक्स.

बीटा हा तापमानाचा काउंट आहे. बीटा मोठा, म्हणजे गार. मेच्या दुपारी बीटा ३६.५ प्रति इव्ही, जानेवारीच्या सकाळी ४०.३. वर ‘०.५ भागिले केटी’ असं जे केलं ते खरं तर ‘०.५ गुणिले बीटा’ होतं. माझ्याकडच्या त्या मुलाचे वडील सुताचे व्यापारी आहेत. बीटाला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

बाकीचे भाऊबंद, धावता आढावा

रसायनाच्या पुस्तकात अडथळे किलोज्यूल प्रति मोलमध्ये येतात. १ इव्ही प्रति कण म्हणजे ९६.४९ किलोज्यूल प्रति मोल. वर्णपटवाले सेंटिमीटरच्या व्यस्तात बोलतात, त्यांचा एक म्हणजे १.४३९ केल्व्हिन, म्हणून ४५ अंशाची केटी त्यांच्या भाषेत २२१. सूक्ष्मतरंगवाल्यांचा एक गिगाहर्ट्झ म्हणजे ०.०४८ केल्व्हिन. पाच गिगाहर्ट्झवर चालणारा क्वांटम संगणकाचा क्युबिट (त्याचा माहिती साठवणारा मूळ घटक) ०.२४ केल्व्हिनच्या तोडीचा पडतो, म्हणूनच तो त्याच्याही खाली, केल्व्हिनच्या काही शतांशांत थंड ठेवावा लागतो. सगळीकडे दर वेगळा, युक्ती तीच: कोणता स्थिरांक न बोलता गिळला आहे ते आधी शोधा.

आता तुम्ही करा

उत्तरं लगेच खाली दिली आहेत, तळहातानं झाका.

एक. एका कागदावर प्लाझ्माचं तापमान ‘२ केइव्ही’ आहे. केल्व्हिन किती?
दोन. हेलियम ४.२ केल्व्हिनला उकळतो. मिलीइव्ही किती?
तीन. न्यूट्रॉनांच्या घोळक्याची सरासरी गतिज ऊर्जा ०.०६ इव्ही आहे. तापमान सेल्सिअसमध्ये सांगा.
चार. भट्टी ८०० वरून ९०० अंश सेल्सिअसवर नेली. केटी किती मिलीइव्हीनं वाढली?

पहिल्याचं उत्तर २ कोटी ३२ लाख. दुसऱ्याचं ०.३६. तिसऱ्यात दीडपटीचा काटा आहे: आधी ०.०४ इव्ही, मग ४६४ केल्व्हिन, म्हणजे १९१ अंश. चौथ्यात २७३.१५ मिळवत बसला असाल तर उत्तर बिघडणार नाही, फक्त वेळ जाईल. फरक शंभर केल्व्हिनचा, उत्तर ८.६. माझ्या त्या विद्यार्थ्यानं चौथं तोंडी सांगितलं आणि तिसऱ्यात आपटला, ४२३ अंश म्हणाला. तुमचंही तेच आलं असेल तर दीडपटीचा भाग पुन्हा एकदा वाचा.